तीन पायांचे घोडियांची व शिदोजी वाघमोडे यांचे विद्याभ्यासाची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जियेचे कृपेनें मुकियास वाचा आणि मूढास अक्षर प्राप्त होतें, तियेचे चरणीं मस्तक ठेवून हकीकत लिहिली जाते ऐसीजे : शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरीं, एका राज्यांत, ज्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, शिदोजी वाघमोडे म्हणोन नामांकित शिलेदार होते. वय पन्नाशीचें, मिशा पांढऱ्या, आवाज ऐसा कीं हांक मारितां गडावरील कबुतरें उडावीं. मोहिमेंत तोफेचा गाडा पायावरून गेला आणि पाय कायमचा अधू जाहला, मग महाराजांनीं कृपाळू होऊन त्यांस पोथीशाळेची राखण सांगितली. पोथीशाळा वडील महाराजांनीं हौसेनें मेळविलेली. द्रविड देशीचीं ताडपत्रें, इराणचे किस्से, चीन आणि युनान मुलखींचीं पुरातन काव्यें फारशींत उतरलेलीं, ऐसा थोर संग्रह, आणि वाचणार कोणी नाहीं. शिदोजीस तों अक्षरओळख नव्हती. बहुत कष्टी जाहले आणि बोलिले, "घोड्यावरचा माणूस वाळवीवर पहारा करावयास बसविला!"

वाचणार एकच, दिवंगत राजशास्त्री यांची कन्या तुंगाबाई. वय तीस, चार भाषा जाणत, नित्य सकाळीं येऊन खिडकीपाशीं वाचीत बसत. एके दिवशीं वाचतां वाचतां मोठ्यानें हांसल्या आणि शिदोजी दचकोन उठले. पुसिलें, "बाईसाहेब, काय जाहलें?" बाई म्हणाल्या, "काका, हा चिनी कवि सरहद्दीवर शिपाई होता. म्हणतो, शत्रूचे नगारे वाजत असतां मी सुखें निजलों, परंतु घरीं आलों आणि सासूबाईंचे घोरण्यानें डोळ्यास डोळा लागला नाहीं." शिदोजी ऐसे हांसले कीं पागोटें सुटलें. मग पुसिलें, "हें केव्हांचें?" "हजार वर्षांपूर्वींचें." "हजार वर्षें! आणि तिकडेही सासू?" "तिकडेही सासू, काका." शिदोजींनीं पाटी मागितली. बोलिले, "ऐसा सोबती इतके दिवस कपाटांत बसला होता आणि मी दाराशीं जांभया देत होतों. मजला शिकवा."

मग शिकूं लागले. दोन मासांत बालबोध लिपि आली आणि दीड वर्षांत फारशी. ती उजवेकडून डावेकडे चाले, तेव्हां म्हणत, "घोडा माघारा चालतो आणि तरी मुक्कामास पोहोंचतो, हें नवल!" जुने सोबती थट्टा करीत, परंतु शिदोजी थट्टा करणारासच धरून बसवीत आणि किस्सा ऐकवीत, आणि मग तोही दुसरे दिवशीं येई. एकदां बाईंनीं द्रविड देशीच्या एका मातेचें गाणें अर्थ करून सांगितलें; तिचा लेक लढाईस गेला होता आणि ती रोज त्याचें पान वाढीत होती. शिदोजी उठोन विहिरीपाशीं जाऊन बसले आणि घटकेनें लाल डोळ्यांनीं आले. म्हणाले, "डोळ्यांत धूर गेला." आसपास चूल कोठें नव्हती.

तिसरे वर्षीं कारभारी रंगोपंत यांनीं दरबारीं अर्ज केला कीं हत्ती वाढले आणि जागा अपुरी. तरी पोथीशाळेंत हत्ती बांधावे आणि पोथ्या तळघरीं घालाव्या. तळघरास पावसाळ्यांत गुडघाभर पाणी. पोथ्या एक वर्षही न टिकत्या. महाराजांनीं पुसिलें, "ग्रंथांचा उपयोग काय?" रंगोपंतांनीं युनानी काव्याची पोथी उघडिली आणि म्हणाले, "हत्तीस वाचतां येत नाहीं, परंतु उपयोगी पडतो. आणि येथें कवि लिहितो, म्हातारा सेनापति पहाटे शत्रूचे तळावर छापा घालावयास गेला, तेथें घोडे तीन पायांवर उभे पाहून रडला आणि माघारा फिरला. तीन पायांचे घोडे, महाराज! वडील महाराजांचे वेळीं शास्त्रीमंडळींनींही येथें अशुद्ध म्हणोन खूण केली आहे." दरबार खो खो हांसला. पोथीशाळेकडील म्हणोन तुंगाबाई व शिदोजीही हजर होते. तुंगाबाईंचें तोंड उतरलें, कारण त्या ओळीचा अर्थ त्यांसही लागला नव्हता.

शिदोजी काठी टेंकीत उठले. मुजरा करून बोलिले, "महाराज, पाठ शुद्ध आहे. घोडा भ्याला म्हणजे चारी पाय रोवितो. निर्धास्त असला म्हणजे मागला एक पाय ढिला सोडोन तिहींवर पेंगतो. सेनापतीनें ओळखिलें कीं तळावर कोणास मरणाची चाहूलही नाहीं, आणि ऐशांवर शस्त्र चालविणें त्याचे जिवावर आलें. मींही तारुण्यांत ऐसे घोडे पाहिले, महाराज. मी माघारा फिरलों नाहीं. म्हणोन हा कवि मजला उमगला."

महाराज उठले आणि रंगोपंतांस घेऊन पागेंत गेले. दोन प्रहरचे उन्हांत खासी घोडी ओठ लोंबवून तीन पायांवर पेंगत होती. रंगोपंत करकरते जोडे वाजवीत जवळ गेले, तों घोडीनें चौथा पाय टेंकिला आणि कान टवकारिले. महाराज प्रथम हांसले आणि मग डोळे पुसोन म्हणाले, "दोन हजार वर्षांचा म्हातारा कवि, आमची पागा पाहून गेला कीं काय? रंगोपंत, हत्ती नदीकांठीं बांधा." आणि आज्ञा जाहली कीं दर बाजारचे दिवशीं पोथीशाळेचें दार उघडें ठेवावें आणि शिदोजींनीं देशोदेशींचीं काव्यें सर्वांस वाचून दाखवावीं. शास्त्रीमंडळींनीं आपली खूण आपले हातें पुसिली. लोक इतके लोटले कीं ओटीवर बसावयास जागा न मिळे, आणि मागले रांगेस रंगोपंत मान डोलवीत दिसों लागले.

पुढें एके सकाळीं शिदोजी ताडपत्रें घेऊन तुंगाबाईंपुढें बसले आणि म्हणाले, "आतां द्रविडी अक्षरें." बाई म्हणाल्या, "काका, वळणें फार, आणि आपलें वय..." शिदोजी उत्तरले, "दांत पाहून वय घोड्याचें ठरवितात. शिष्याचें काय पाहतां?" बाईंनीं पहिलें अक्षर काढून दिलें.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. ग्रंथ राहिले, हत्तीही सुखी जाहले, आणि शिदोजी सत्तरावे वर्षापर्यंत शिकत राहिले. ऐकिलें तैसें लिहिलें. अधिक उणें वाचणारानें सांभाळून घ्यावें.