दौलतराव वाघांची शिफारस

मुलांनो, हातातलं खाऊन घ्या आणि मग ऐका. एका जंगलात, वडाच्या पारंब्यांखाली, गोदूबाई साळिंदर यांची खानावळ होती. शुद्ध शाकाहारी.

गोदूबाईंच्या हाताला चव होती. त्यांच्या अळूच्या फदफद्यासाठी गवे डोंगर उतरून यायचे. हल्ली त्या पनीर टिक्का आणि मसाला डोसाही करायच्या. पनीर म्हणजे काय ते माकडांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण मागवायची मात्र तेच.

एके दुपारी, ऐन गर्दीत, दौलतराव वाघ दारात येऊन उभे राहिले.

घास तोंडातच थांबले. कोपऱ्यात रोज जेवणारे वामनराव भेकर ताटासकट टेबलाखाली गेले.

गोदूबाईंचे काटे आपोआप ताठ झाले. पण आलेल्याला दारातून परत पाठवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"या, बसा. काय देऊ?"

"करकोचा डॉक्टरांनी मांस बंद केलंय," दौलतराव पडेल आवाजात म्हणाले. "त्याशिवाय पंजांची सूज उतरायची नाही म्हणतात. बाई, मला यातलं काहीच कळत नाही. खाऊन बघावं असं काय आहे तुमच्याकडे?"

गोदूबाईंच्या मनात आलं, यांना आवडलं नाही तर हे टेबलाखाली बघतील. त्यांनी जीव ओतून ताट केलं. भरली वांगी, ज्वारीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा.

दौलतरावांनी डोळे मिटून एक घास घेतला. मग दुसरा. मग ताट चाटून पुसून स्वच्छ केलं, आणि चक्क रडायला लागले.

"एवढी वर्षं मी काय खात होतो हो!"

"आमचे मामा," टेबलाखालून वामनराव हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून दौलतराव शाकाहारी झाले. हरणांनी पेढे वाटले. जंगलाने गोदूबाईंचा सत्कार केला. त्यांच्या पाठीवर घातलेली शाल काट्यांत अडकली ती अडकलीच. गोदूबाईंनी ती तशीच मिरवली. आपल्या हातच्या वांग्यांनी वाघ रडला, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

काही दिवस बरे गेले. मग दौलतराव स्वतःचं जेवण आटोपलं की दुसऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसू लागले.

"काय मागवलंत, वामनराव? साधं वरण-भात? अहो, जरा दाल माखनी खाऊन बघा!"

"मला तुरीचं वरणच मानवतं."

"मानवतं काय! शाकाहार आधी समजून घ्यावा लागतो."

"मी जन्मापासून शाकाहारी आहे हो. आजोबा, पणजोबा, सगळेच."

"तेच तर! जन्माने कुणीही होतं. मी विचार करून झालोय."

मग त्यांनी थालीपीठ कुठल्या बाजूने मोडावं ते दाखवलं. सोलकढीचा घोट तोंडात किती वेळ धरावा ते सांगितलं. गव्यांना गवत कसं चावावं ते समजावलं. मधेच कुणी उठलं तर दौलतराव काही बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. उठलेला परत बसायचा.

शेवटी सगळी मंडळी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली.

"गोदूबाई, त्यांना पुन्हा मांसाहारी करा," वामनराव म्हणाले.

"अहो, खातील ना तुम्हाला!"

"पूर्वी कधीतरी एखाद्याला खायचे. आता रोज सगळ्यांचं डोकं खातात."

गोदूबाईंना वाईट वाटलं. इतकं मनापासून जेवणारं गिऱ्हाईक त्यांना पुन्हा मिळणार नव्हतं. पण वामनरावांचे खोल गेलेले डोळे बघून त्यांनी पदर खोचला आणि कारली चिरायला घेतली. ना पिळली, ना गूळ घातला. वर मीठ ओतलं मूठभर.

दौलतरावांनी घास घेतला. तोंड वाकडं झालं. मिश्या थरथरल्या.

"वा!" दौलतराव म्हणाले. "याला म्हणतात कारलं! कडूपणा अजिबात लपवलेला नाही. बाई, सगळ्यांना वाढा. आज मी कारल्यावर बोलणार आहे."

ते दिवेलागणीपर्यंत बोलले. शेवटी वामनराव हात जोडून उभे राहिले.

"दौलतराव, त्यापेक्षा मला खा."

दौलतरावांचे डोळे भरून आले. "छे छे, मी सुधारलोय आता. बसा तुम्ही. अजून बियांचं सांगायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्खं जंगल चालू लागलं. सर्वांत पुढे गोदूबाई, डोक्यावर तवा आणि पातेली घेऊन. ओढ्यापलीकडे शेजारचं जंगल होतं. काठावर एक अनोळखी वाघ पहुडला होता.

वामनरावांनी अलीकडूनच विचारलं, "आपण काय खाता?"

वाघ दचकला. आजवर त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "मिळेल ते. हरीण, भेकर. का हो?"

"आणि जेवण झाल्यावर?"

"झोपतो."

"बोलत नाही ना?"

"कशाबद्दल बोलू?"

वामनरावांनी मागे वळून गोदूबाईंकडे बघितलं. गोदूबाईंनी मान डोलावली. आणि सगळी मंडळी आनंदाने ओढा उतरून त्याच्याकडे निघाली.

तात्पर्य : वाघाला जरूर सुधारावं. फक्त तो सुधारेल तेव्हा आपण दुसऱ्या जंगलात राहायला असावं.