वझलवारांचा फसलेला ट्रेड

"अगं केतकी, बॉल आहे तो, लोण्याचा गोळा नाही! मागं काहून ओढून राहिली? हात जिथल्या तिथं ठेव ना बावा!"

ही आरोळी डब्लिनच्या कडेला असलेल्या ओंगारच्या मैदानावरून उठली की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या चरायच्या थांबतात आणि कालव्यातली बदकं दिशा बदलतात. एकदा तर क्लोन्सिलाच्या स्टेशनात शिरणारी गाडी ड्रायव्हरने सिग्नल समजून थांबवली, असं मी सर्वांना शपथेवर सांगत आलो आहे. ती तिथे तशीही थांबणारच होती, हा तपशील मी सहसा गाळतो.

आरोळीचे मालक आमचे शेजारी वझलवार. मूळचे नागपूरचे, पेशाने सॉफ्टवेअर तपासणारे, वृत्तीने बेसबॉलचे. मधली काही वर्षं ते अमेरिकेत होते. तिथून लोक डॉलर आणतात, वझलवारांनी हा खेळ आणला. आयर्लंडमध्ये उतरले तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि हातमोजेच जास्त होते, आणि कस्टमवाल्याला ते प्रत्येक मोज्याचा इतिहास सांगू लागले तेव्हा त्याने हात जोडून "ग्रँड, ग्रँड, जा तुम्ही" म्हटलं, ही हकिगत त्यांच्याच तोंडची. म्हणजे निम्मी खरी असेल.

आल्या आल्या त्यांनी टीम काढली. नाव 'ओंगार ऑरेंजेस', कारण नागपूर. खेळाडू म्हणजे आम्हीच, क्रिकेटवर वाढलेले मराठी इंजिनिअर. पहिल्या सामन्यात आमचा प्रत्येक जण बॉल मारून झाल्यावर बॅट टाकायची सोडून घट्ट धरून पळाला आणि पोचल्यावर ती क्रीजमध्ये टेकवावी तशी बेसच्या उशीवर टेकवून अंपायरकडे बघत राहिला. मला त्यांनी उजव्या कोपऱ्यात ठेवलं होतं, जिथे चेंडू चुकूनसुद्धा येत नाही. तिथे उभं राहून मी एका उन्हाळ्यात एक जाडजूड कादंबरी संपवली.

वझलवारांचं दुसरं वेड म्हणजे ट्रेड. अमेरिकेत टीमा आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि मग त्यांचे चाहते आयुष्यभर वाद घालत बसतात की त्यात कोण जिंकलं. वझलवारांना साऱ्या जगात हेच दिसतं. कुणाचं लग्न ठरलं, ट्रेड. कुणी घर बदललं, ट्रेड. आमच्या शेजारच्या बाईंनी मांजर देऊन कुत्रा आणला तेव्हा हे कुंपणावरून म्हणाले, "मांजर अजून दहा वर्षं खेळली असती." त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "ट्रेड पिकू द्या लागते, बावा. आज कापला तर आंबटच निघते."

आता केतकी. केतकी साताऱ्याची, इथे एम.एस. करायला आलेली. वझलवारांच्या घरातली छोटी खोली तिने भाड्याने घेतली होती. वझलवारांची पत्नी गेली, त्याला काही वर्षं झाली. मुलगी ऑस्ट्रेलियात असते. त्यामुळे त्या घरात माणसांपेक्षा मोजे जास्त होते. केतकी आली आणि त्या घराला पडदे लागले, प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, तिखट-मिठाचे डबे लागले, रविवारच्या तर्री-पोह्यांना खाणारं माणूस मिळालं. ती जिल्ह्याच्या संघात विकेटकीपर होती, हे कळलं त्याच दिवशी वझलवारांनी तिला आमच्या टीमची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी, केली.

आणि तिथेच घोळ झाला. विकेटकीपरला लहानपणापासून शिकवलेलं असतं की चेंडू येताना हात मऊ ठेवायचे आणि चेंडूबरोबर मागे न्यायचे. कॅचरने नेमकं उलट करायचं असतं. मोजा जिथे चेंडू आला तिथेच रोवून धरायचा, कारण अंपायर मोजा कुठे थांबला ते बघून चेंडू चांगला की वाईट ते ठरवतो. केतकी प्रत्येक चेंडू इतक्या मायेने मागे न्यायची की चेंडू टाकणाऱ्या आमच्या पिचरचे चांगले चेंडूही वाईट ठरायचे. वर दर चेंडूला उडी मारून "हाऊज दॅट!" असं अपील. अंपायर गॉलवेचा एक शांत म्हातारा होता. पहिल्या दिवशी त्याने तिला विचारलं, "हाऊज व्हॉट, लव्ह?"

आम्ही हरत होतो. पण आम्ही तिच्याआधीही हरतच होतो, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. शिवाय तिच्यामागे वेगळीच काळजी होती. शिक्षण संपलेलं, व्हिसाची मुदत सरत आलेली आणि नोकरीचा पत्ता नाही. नोकरी नाही म्हणजे गाशा गुंडाळून साताऱ्याला परत. ती डब्लिनमध्ये अर्जावर अर्ज करत होती आणि मैदानावर चेंडूवर चेंडू सोडत होती.

अशा वेळी एका रविवारी, पोह्यांची प्लेट हातात असताना, वझलवारांनी जाहीर केलं, "केतकीचा ट्रेड केला. डंडॉकला दिली. बदल्यात टायग नावाचा पिचर."

आमच्या लीगमध्ये ट्रेड नावाची गोष्टच नाही. खेळाडू आपापलं सँडविच घेऊन येतात आणि पाऊस आला की आपापल्या घरी जातात, एवढाच तो कारभार. पण वझलवारांनी उत्तरेकडे तासाभरावर असलेल्या डंडॉकच्या टीमच्या मॅनेजरला फोन करून करार केला होता.

"मला विचारायचं तरी, काका," केतकी म्हणाली.

"प्लेअरला विचारत नसतात."

"बरं. मग रविवारी मॅचला तिकडे जाईन, इथूनच."

"इथून कशी?" वझलवार प्लेटीकडे बघत म्हणाले. "दुसऱ्या टीमची कॅचर मी घरात ठेवू? आमचे सिग्नल चोरीला जातील."

सिग्नल! आमच्या टीमचे एकूण सिग्नल दोन. एक 'टाक' आणि दुसरा 'थांब', आणि पिचर दोन्हींना टाकायचा. पेंडश्यांनी चमचा खाली ठेवला. पेंडसे म्हणजे आमच्या टीमचे स्कोअरर, पुण्याचे, तत्त्वाला पक्के. "केतकी, तू आमच्याकडे राहा," ते म्हणाले. "आणि वझलवार, मी आजपासून तुमच्याशी बोलत नाही." पुढचे सहा महिने ते दर रविवारी येऊन, पोहे खाऊन, आपण बोलत नाही हे त्यांना तासभर समजावून सांगत असत.

केतकीचे डोळे भरले होते, पण मान ताठ. "नको, पेंडसेकाका. डंडॉकहून एका नोकरीचं बोलावणं आलंय. मी तीच घेते. इथे कुणाचे सिग्नल नकोत मला चोरायला."

पुढच्या शनिवारी अदलाबदल झाली. मोटरवेवर दोन गावांच्या मध्ये एक पेट्रोलपंप आहे, तिथे. सरहद्दीवर हेर बदलतात तशी. इकडून केतकी, दोन बॅगा, कुकर आणि कॅचरचा मुखवटा. तिकडून टायग, दाराएवढा रुंद, हातात बूट. दोघं एकमेकांना ओलांडून गेली. वझलवारांनी तिला हात केला. तिने मुखवटा घातला होता, त्यामुळे तिने पाहिलं की नाही ते कळलं नाही.

"तिला तिथे नोकरी होती म्हणून बरं," पेंडसे परतताना म्हणाले. "तुमच्या पापावर देवाने पांघरूण घातलं, वझलवार. हे मी तुमच्याशी बोलत नाहीये."

त्यानंतर सुरू झाला फेरविचार. दर रविवारी वझलवारांच्या स्वयंपाकघरात ट्रेडचा पंचनामा. टायगचा पहिला चेंडू मी ऐकला, पाहिला नाही. तो इतका वेगात होता की पेंडश्यांच्या गाडीचा आरसा फुटल्यावरच सर्वांना कळलं की टाकून झाला. दोन सामने आम्ही जिंकलो. आम्ही! पेंडसेसुद्धा डळमळले. "क्रौर्य ते क्रौर्यच," ते म्हणाले, "पण हात आहे पोराला."

मग उन्हाळा आला आणि टायगचं खरं दुखणं कळलं. टायग शेतकरी, आमच्याकडे आल्यापासून ओंगारजवळच मामाच्या शेतावर राबणारा. आभाळ उघडलं की तो गवत कापायला जायचा, कारण आयर्लंडमध्ये कोरडा दिवस हा लॉटरीसारखा असतो. आणि बेसबॉल कोरड्या दिवशीच होतो. म्हणजे सामना असेल तेव्हा टायग नाही आणि टायग असेल तेव्हा सामना नाही. पावसात तो एकटाच मैदानावर येऊन भिंतीवर चेंडू मारत उभा असायचा. जगातला सगळ्यात वेगवान पिचर आमच्याकडे होता, फक्त चिखलात.

तिकडून बातम्या येऊ लागल्या. डंडॉकची नवी कॅचर हात हलवत नाही. डंडॉक सलग जिंकतंय. पेंडसे त्या बातम्या वझलवारांना तारस्वरात वाचून दाखवत. "मला एक सांगा, पेरू देऊन बी घेतली की नाही?"

"पिकू द्या ना," वझलवार म्हणत आणि पोहे वाढत. पोहे ते अजूनही केतकीच्या मापाने करत होते. उरलेले आम्हाला डब्यात मिळायचे. केतकी त्यांचा फोन उचलत नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं, कारण दर रविवारी ते अंगणात जाऊन फोन कानाला लावत आणि काही न बोलता परत येत.

शेवटच्या सामन्याला आम्ही डंडॉकला निघालो. पाऊस भुरभुरत होता, पण शेवटचा सामना पावसातही खेळायचाच असं ठरलं होतं, म्हणून टायगही आला. गाडीत पेंडश्यांनी त्याला मुद्दाम विचारलं, "टायग, खरं सांग. तुझ्या बदल्यात एक अख्खी मुलगी दिली, लाज वाटते का तुला?"

वझलवार पुढच्या गाडीत होते. टायग खिडकीबाहेर बघत हसला. "माझ्या बदल्यात? तुमच्या त्या माणसाने मला मागितलंच नव्हतं. आमचा मॅनेजर म्हणजे माझा मेव्हणा. फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. अर्धा तास बोलले, बेसबॉलचा शब्द नाही. मुलीला राहायला घर आहे का? हीटर चालतो का? फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो का? ऑफिसला चालत जाता येईल ना? माझ्या आत्याची खोली रिकामी होती, ती त्यांनी ठरवून टाकली. शेवटी मेव्हणा म्हणाला, पण बदल्यात तुम्हाला काय हवं? तर हे म्हणाले, काहीतरी द्या, नाहीतर ट्रेड वाटणार नाही. मी समोर होतो, म्हणून मी. चहाची किटली समोर असती तर ती दिली असती."

"पण का?" मी विचारलं.

"ती नोकरी तिला आधीच मिळाली होती ना. नाकारणार होती. फोनवर आईला म्हणाली, काका एकटे पडतील, आणि ते काकांनीच ऐकलं. मग तुमचा माणूस म्हणाला, तिला माझ्यावर चिडवून पाठवावं लागेल."

पेंडश्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग वायपर उगाचच जोरात लावले. पुढे डंडॉक येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पुण्याचा माणूस गाडीत गप्प बसला, हे मी शपथेवर सांगतो, आणि या वेळी काहीही गाळत नाही.

सामना आम्ही हरलो. शेवटचा बॅटर मीच. चेंडू आला, मी हवेत बॅट फिरवली, मागे केतकीचा मोजा खिळा ठोकल्यासारखा थांबला. मी बाद झालो आणि आमच्याच बाकावरून एक माणूस उडी मारून ओरडला, "वा पोरी! वा!"

आमचा मॅनेजर! मैदान हसलं. केतकीने मुखवटा काढला. ती थेट आमच्या बाकाकडे आली. अंगावर चिखल, कपाळावर मुखवट्याचे वळ.

"टायगच्या आत्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं मला," ती म्हणाली. "हीटरचं. अलार्मचं. सगळं."

वझलवारांनी मोजे पिशवीत भरायला घेतले. "मग फोन काहून नाही उचलला?"

"उचलला असता तर बॅग घेऊन परत आले असते, काका."

त्यांनी मान हलवली. मग नोकरी कशी आहे विचारलं. तिने सांगितलं, पक्की झाली, वर्क परमिटही आलं. "छान," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायच्या ऐवजी तिच्या मोज्याची शिवण तपासून पाहिली.

परतताना मी मुद्दाम त्यांच्या गाडीत बसलो. डंडॉक मागे पडलं, पाऊस थांबला, ढगांच्या खाली एक पिवळी रेघ उमटली. टायग आता नक्की गवत कापायला पळणार, असं काहीबाही बोलून झालं. शेवटी मला राहवेना.

"वझलवार, एवढं नाटक कशाला? तुम्ही तिला सरळ 'जा' म्हणाला असता, तरी ती गेली असती."

त्यांनी आरशात बघून लेन बदलली.

"नसती गेली," ते म्हणाले.