सम गाड्या डावीकडे

नव्वद गाड्या येणार होत्या आणि नोंदणी अधिकारी बाराच्या ठोक्याला निघणार होते. त्यांना पुढे दुसरं लग्न होतं. त्यामुळे धाकट्या मुलीच्या लग्नात गाड्यांचं कोण बघणार, असा प्रश्न निघताच घरातल्या सगळ्यांनी एकमताने थोरल्या जावयाकडे पाहिलं. जावई नेटवर्क इंजिनियर होता. आपण दिवसभर रहदारीच हाकतो, असं त्यानेच एकदा जेवताना ऐटीत सांगून ठेवलं होतं.

"सोप्पंय," तो म्हणाला. "हॉलकडे चार रस्ते जातात, चारही सारख्याच लांबीचे. अशा वेळी आमचा राउटर, म्हणजे नेटवर्कमधला ट्रॅफिक हवालदार, चारही वापरतो. पहिल्या फाट्यावर मी. नंबरचा शेवटचा आकडा सम, गाडी डावीकडे. विषम, उजवीकडे. पुढे दोन्हीकडे एकेक फाटा आहे. तिथे मेहुणा आणि काका उभे राहतील. नियम तोच."

"तिथेही तोच?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांची पस्तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करण्यात गेली होती.

"एकच नियम म्हणजे गोंधळच नाही, बाबा."

साडेअकराला मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, माझ्याकडे गाड्यांची मारुतीच्या शेपटीएवढी रांग लागलीय. सगळ्या डावीकडेच चालल्यात!"

"योगायोग असेल. नियम पाळ."

मग काकांचा. "इकडे सगळ्या उजवीकडेच! डावीकडच्या रस्त्यावर एक कुत्रा झोपलाय. तासाभरात कूससुद्धा बदललेली नाही त्याने."

मग बायकोचा. "नवरा मुलगा कुठाय? नोंदणीच्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं!"

नवरा मुलगा मेहुण्याच्या फाट्यामागे अकराव्या गाडीत होता. गाडीचा नंबर संपत होता चौऱ्याहत्तरवर.

"आपल्याला पाचवा रस्ता लागणार," जावई घाम पुसत म्हणाला.

तेवढ्यात बायकोच्या हातातून फोन सासऱ्यांनी घेतला. "जावईबापू, विषम गाड्या तुम्ही आधीच उजवीकडे काढल्यात ना?"

"हो."

"मग मेहुण्यासमोर विषम गाडी यायची कुठून? आभाळातून?"

मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजतच राहिले.

"मीही पत्रं पिनकोड बघून दोनदा लावायचो. पण दुसऱ्यांदा तोच आकडा कोण बघतो? त्या दोघांना म्हणावं, शेवटचा सोडा, त्याच्या आधीचा बघा."

चौऱ्याहत्तरमधला सात विषम निघाला. नवरदेव उजवीकडच्या मोकळ्या रस्त्याने सुसाट सुटला आणि बाराला चार मिनिटं कमी असताना हॉलमध्ये शिरला. साहेबांनी टोपण काढलं. काकांकडचा कुत्रा तेवढा नाराज झाला.

दिवसभर जावयाला कुणी काही बोललं नाही. फोटोत सासऱ्यांना मधोमध उभं केलं, एवढंच.

सोमवारी तो ऑफिसात तासभर आधीच पोचला. तीन महिने तिथलं नेटवर्क तुंबत होतं आणि पाचवी लाइन घ्या म्हणून त्यानेच साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला होता. त्याने मॉनिटरवर आकडे काढले. चार लाइनींपैकी दोन ओसंडत होत्या. मधल्या दोन्हींवर चिटपाखरू नव्हतं.

साहेबांच्या टेबलावरचा अर्ज त्याने हळूच उचलून फाडला. दुसऱ्या टप्प्यातले राउटरही पहिल्याचाच नियम पाळत होते; तो बदलला. दुपारपर्यंत चारही लाइनी गुण्यागोविंदाने वाहू लागल्या आणि साहेब स्वतः त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कमाल केलीत! पण या नियमाला इथे 'सासरे' असं नाव का दिलंय?"

"नवीन पद्धत आहे, सर," जावई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "जरा उशिरा पटते."