मेन बंद, चकती चालू

जगात न्याय उरला नाही म्हणणाऱ्यांनी मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातल्या एवारिस्तोला भेटावं. न्याय त्याच्या खिशातच असायचा, पक्कड आणि चिकटपट्टीच्या शेजारी. उभी हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेल्यामुळे वीज म्हणजे आपली सख्खी पुतणी, असा त्याचा समज होता.

त्या घरात तिघं भाडेकरू. एक हा. दुसऱ्या ओर्तेन्सियाबाई, शिवणकाम करायच्या. त्यांची इस्त्री सकाळी तापायची ती दिवेलागणीलाच गार व्हायची. तिसरा नसारिओ, नाचाचे क्लास घ्यायचा. त्याच्या खोलीत माशांची काचेची पेटी आणि तिच्यात अखंड बुडबुडे सोडणारा पंप. दोन महिन्यांचं वीजबिल आलं तेव्हा नसारिओने आधी त्यावरचा पत्ता वाचला. समोरच्या बेकरीचं चुकून आलंय की काय!

एवारिस्तोने तिथल्या तिथे कायदा केला. समान वाटणी म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मेन बंद करायचा, मग एकेकाने आपापली वस्तू लावायची आणि मीटरची चकती कोणापायी जास्त पळते ते बघायचं. ज्याची भूक मोठी, त्याने वर्षभर सगळ्यांचं बिल भरायचं. दोघंही लगेच तयार झाली, कारण बाईंचा संशय माशांवर होता आणि नसारिओचा इस्त्रीवर. एवारिस्तोचाही इस्त्रीवरच. वर्षभराचं बिल वाचणार म्हणून त्याने एका जुन्या मोटरसायकलीला इसारसुद्धा देऊन टाकला होता.

रविवारी जेवणं उरकल्यावर मेन बंद झाला. फ्रिजने उसासा टाकला. पंप थांबला, मासे काचेपाशी चौकशीला जमले. आणि मीटरची चकती जत्रेतल्या पाळण्यासारखी गरगरत राहिली.

"काका, मेन बंद केलात ना?" नसारिओने विचारलं.

"मला शिकवतोस?"

तरी त्याने मेन दोनदा चालू-बंद केला, फ्यूजही काढून हातात घेतला. चकतीला त्याचं काही वाटलं नाही. मग मात्र एवारिस्तो दारात गेला आणि कुणीतरी आपल्यावर आकडा टाकलाय, असं त्याने अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं. रविवारी दुपारी अशा बोंबेला माणसं कमी पडत नाहीत. दोघं-तिघं तर घरून खुर्च्या घेऊन आले.

मीटरच्या मागून एक वायर गच्चीवर गेली होती. तो वर चढला. वायरीच्या सांध्यावर लाल चिकटपट्टी होती. त्याचीच. गाठही त्याचीच.

गेल्या डिसेंबरात त्याचा गुडघा बरा झाला, तेव्हा त्याने कोपऱ्यावरच्या ग्वादालुपेच्या माउलीचा, म्हणजे मदर मेरीचा, नवस फेडला होता, देवळीत रात्रंदिवस दिवे. घरचा फ्यूज उडाला तरी माउली अंधारात राहू नये, म्हणून वायर मेनच्या आधीच जोडली होती. पण दिवे तीन! कोंबडीच्या अंड्याएवढे! ते असं कितीसं खाणार?

तो वायरीमागे निघाला, गल्ली त्याच्यामागे. कोपऱ्यावर त्याने देवळीच्या मागे डोकं घातलं, तर तिथे वडाच्या पारंब्या लोंबाव्यात तशा वायरी. एक न्हाव्याच्या पंख्याकडे, एक रसवाल्याच्या मिक्सरकडे, एक पंक्चरवाल्याच्या हवेच्या यंत्राकडे.

"मेलितोन," तो न्हाव्याला म्हणाला, "माझी वीज चोरतोस?"

"तुझी कुठली, लेका? आम्ही माउलीकडून घेतो." मेलितोनने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला. "रीतसर विचारलंय तिला."

"मग काय म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही."

गर्दीने माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता. रसवाल्याने भर घातली की त्यानेही विचारलं होतं, आणि वर एक पेला संत्र्याचा रस ठेवला होता.

ओर्तेन्सियाबाईंनी झग्याला टोचलेली सुई काढून पुन्हा टोचली. "अहो एवारिस्तो, मग भूक कोणाची मोठी ठरली?"

"माउलीची."

"आणि माउलीला जेवायला कोणी बोलावलं?"

एवारिस्तोच्या डोळ्यांसमोरून मोटरसायकल निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

पण एवारिस्तो हार मानणारा नव्हता. त्याने पक्कड काढली. माउलीचं माउलीला राहू दे, बाकीच्या बांडगुळांना छाटतो, असं त्याने जाहीर केलं. सगळ्या वायरी मेणबत्त्यांच्या धुराने सारख्याच काळ्या झाल्या होत्या, पण अनुभव म्हणून काही असतो की नाही? त्याने एक निवडली. कट्.

न्हाव्याचा पंखा फिरत होता. मिक्सर घुरघुरत होता. हवेचं यंत्र धापा टाकत होतं. फक्त माउली अंधारात गेली.

खुर्च्यांवरचे उभे राहिले. देवळीपुढे जपमाळ ओढणाऱ्या म्हाताऱ्यांनी जप थांबवला, जो त्यांनी गेल्या भूकंपातही थांबवला नव्हता. एवारिस्तोने घाईघाईने वायर जोडली, दिवे लागले, पण म्हाताऱ्यांची तिथल्या तिथे बैठक बसून निकालही लागला होता. शिक्षा वगैरे काही नाही. उलट मान. येत्या डिसेंबरच्या उत्सवाचा मानकरी एवारिस्तो: फुलं, आतषबाजी, बँड आणि गल्लीभर मक्याच्या पिठाचे वाफाळते तमाले, सगळं त्याच्या खिशातून. टाळ्या पडल्या. हा मान नाकारून गल्लीत टिकलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून त्यानेही हसून छातीवर हात ठेवला.

नसारिओने हळूच कानात सांगितलं की मासे सुखरूप आहेत.

गर्दी पांगल्यावर मेलितोन आला. त्याने एवारिस्तोला कडकडून मिठी मारली, साबणाचा फेस त्याच्या सदऱ्याला पुसला आणि आवाज खाली आणून अगदी अदबीने विचारलं,

"बँडच्या भोंग्यांना वीज बरीच लागेल, लेका. माउलीला विचारू, की सरळ तुझ्याकडूनच घेऊ?"