काळा ठिपका की पोकळ गोल

तातेरावांचं एक ठाम मत होतं, आणि कळमनुरीत भेटेल त्याला ते ऐकवत. जोड दोनच जातीचे असतात, एक पक्का आणि एक मोकळा. निजामाच्या तामीर म्हणजे बांधकाम खात्यात पुलांचे नकाशे काढण्यात त्यांची उमर गेली होती. नकाशात पक्क्या जोडाला काळा ठिपका, मोकळ्या जोडाला पोकळ गोल. "अर्धवट ठिपका कुठं पाह्यला का तुमी?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करत.

लेकीच्या पाठवणीलाही त्यांनी हाच हिशेब लावला. शकूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, आता तू तिकडची. पक्की." शकू रडायची थांबली आणि बापाकडं नुसती बघत राहिली.

तीच शकू लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला औंढ्याहून माहेरी आली. अंगणातला लिंब वैशाखाच्या वादळात पडला होता. झोक्याला फांदी नव्हती. पंचमीच्या दुपारीच सासरे न्यायला येणार होते, आणि त्याआधी पोटभर झोका खेळायचा, एवढंच तिचं मागणं.

"फांदी काहून पाहिजे?" तातेराव म्हणाले. "दोन खांब, वर आडवं लाकूड. अशी चौकट उभी करतो की हत्ती झुलंल."

श्रावणातल्या काळ्या मातीत खांब रोवणं म्हणजे दह्यात रवी उभी करणं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून कागदावर खाली पोकळ गोल काढले आणि सगळा भरवसा वरच्या दोन जोडांवर टाकला. तिथं अंबाडीच्या दोराचे वेढे आवळले, कागदावर काळे ठिपके गिरवले. पंचमीच्या आदल्या दिवशी भुरभुर पावसात स्वतः आडव्या लाकडाला लोंबकळून पाहिलं. चौकट हलली नाही.

"उतरा आता," त्यांची बायको द्वारकाबाई म्हणाली. "लोकं बघून राहिलीत."

पंचमीला मात्र सकाळपासून कडक ऊन पडलं. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैलावतो. तातेरावांना हे लहानपणापासून माहीत होतं, पण नकाशात ऊन-पाऊस काढायची रीत नव्हती.

दुपारी शकू फळीवर बसली. दोन हेलकावे झाले असतील नसतील, आणि जेवलेला पाहुणा तक्क्यावर कलावा तशी चौकट सावकाश एका अंगाला कलली. शकूचे पाय अलगद जमिनीला टेकले.

"जोड मोडला का, दादा?" तिनं बापाला विचारलं.

"मोडला न्हाई. सैल पडला."

"पक्का होता ना?"

तातेराव कुऱ्हाड आणायला निघाले. एक तिरपं लाकूड तोडून ठोकलं असतं तर काम भागलं असतं. द्वारकाबाई दारात आडवी झाली. "आज पंचमी हाय. तोडायचं न्हाई, ठोकायचं न्हाई, खणायचं न्हाई. मी भाजी बी चिरली न्हाई, अन् तुमी कुऱ्हाड घेता?"

तेवढ्यात सासऱ्यांची बैलगाडी आलीच. शकूनं पदर ओढला आणि ती घरात गेली. सासरे रामकिशन धिप्पाड आणि हौशी गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, "इवाई, सैल पडला तर भिजवा की. एक बाजू मी सांभाळतो."

दोघांनी चौकट रेटून उभी केली. शेजारच्या नर्मदाबाईंची शिडी आली, घरची एक होती. दोन्ही खांबांना बाहेरून शिड्या टेकल्या आणि दोन्ही व्याही घागर घेऊन वर चढले.

"पण सूनबाई माझ्यापुढं खेळंल कशी?" रामकिशनना वरती गेल्यावर आठवलं.

"तोंड फिरवा," तातेराव म्हणाले.

त्यांनी शिडीकडं पाठ केली आणि ते मागच्या मागं पाणी ओतायला लागले.

"इवाई, दोरावर ओता. सगळं तुमच्या फेट्यावर चाललंय."

"मला मागं डोळे हायेत का?"

द्वारकाबाई खालून घागरी पुरवत होती. शकू घरातून बाहेर आली आणि आधी लाजत, मग जोरात झोके घ्यायला लागली. वर गेली की औंढ्याची सडक दिसे, खाली आली की आईचं अंगण. चौकट पुलासारखी उभी होती.

मनासारखं खेळून झाल्यावर ती उतरली. गाडीत बसताना बापाच्या कानाशी म्हणाली, "दादा, आता ठिपका का गोल?"

तातेरावांच्या मिशांतून पाणी गळत होतं. "अर्धवट," ते म्हणाले. "वल्ला ठेवला तर टिकतो."

"मंग दिवाळीला बोलवा. वाळू देऊ नका."

"मीच येतो न्यायला."

गाडी वळणाआड गेली. नर्मदाबाईंची शिडी परत करायची म्हणून तातेरावांनी ती खांबापासून काढली. चौकट थोडी विचारात पडली, आणि मग शिडी होती त्याच अंगाला हळूच झुकून कडब्याच्या ढिगावर आडवी झाली. वरचे दोर अजून टपटप गळत होते.

तातेराव बघत राहिले. "पाण्यानं उभी नव्हती गं," ते हळूच म्हणाले. "दोन इवाई दोन्ही अंगानं शिड्यांचा टेका देऊन राहिले होते, म्हणून उभी होती."

द्वारकाबाईनं रिकाम्या रांजणात डोकावून पाहिलं.

"मंग माझं रांजणभर प्यायचं पाणी काहून ओतलं?"

तातेरावांनी घागर उचलली आणि ते विहिरीकडं निघाले.