फोडणीचा वास

आमच्या मस्तगडच्या गल्लीत रोज सकाळी शांताकाकू ओट्यावर उभ्या राहून, नाक वर करून घराघरांचा वास घ्यायच्या. एखाद्या घरातून फोडणीचा वास आला नाही, की तिथूनच विचारायच्या, "कोण पडलं गं आजारी?"

लेकराला गोवर-कांजण्या निघाल्या, की आमच्याकडे घरात फोडणी बंद. तेलाचा चर्र आवाज अन् मिरचीचा ठसका देवीला सोसत नाही म्हणतात.

काकू एकट्या राहायच्या आणि रोगाला फार भ्यायच्या. कडी कोपरानं उघडायच्या. पाहुण्याला पाण्याचा पेला सांडशीत धरून द्यायच्या. कशावरही एकच म्हणणं, "हवा बराबर न्हाई." मेथीची जुडी कडुनिंबाच्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढायच्या.

"काकू, मेथी हाय, लेकरू न्हाई. किती आंघोळी घालताव?" भाजीवाली म्हणायची.

"तुझ्या हाताची हाय ना, म्हणून."

त्या वर्षी गावोगावी देवीच्या साथीची बोलवा होती. तशातच माझ्या सुमीच्या अंगावर फोड आले. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, कांजण्याच आहेत, घाबरू नका. पण काकूंना कळलं तर गल्लीभर देवीच म्हणून बोभाटा होईल, नळावर कुणी मला उभं करणार नाही, ही धास्ती. आमचे हे कामासाठी परगावी. मी दार लावून घेतलं, मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि रिकाम्या कढईत तेल तापवून नुसती जिरं-मोहरी टाकली.

थोड्या वेळानं कडी वाजली.

"फोडणीचा वास आला," काकू बाहेरून म्हणाल्या, "भाजीचा न्हाई आला. कोणाला निघाल्या?"

मी दार उघडलं. काकूंच्या नाकाला पदर, हातात सांडशी, सांडशीत कडुनिंबाचा डहाळा. आता ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी आवाज खाली आणला.

"माझं लेकरू देवीत गेलं, तवा माझ्या घरी लई दिवस फोडणी नव्हती. कुणी इचारलं बी न्हाई. सगळ्यांला भ्या वाटलं." त्यांनी डहाळा चौकटीत खोचला आणि उंबऱ्याबाहेर बसकण मारली. "जा, तू जराशी पड. मी हाय हितं."

रोज येऊन बसल्या. उंबऱ्याच्या आत मात्र पाऊल टाकलं नाही. तिथूनच सुमीला हाका मारून हसवायच्या.

सुमी बरी झाली. मी पहिली फोडणी दिली, तेव्हा काकू त्यांच्या ओट्यावर ठसकल्या. "आता हवा बराबर हाय," म्हणाल्या.

पुढं एका सकाळी काकूंच्याच घरून वास आला नाही. मी आपण होऊन कुणाच्या दारी जात नाही. त्या दिवशी गेले. कडी कोपरानं वाजवली.

"काकू, आज फोडणी न्हाई?"

"तेल संपलंय माय. मला काय होतंय?" मग त्यांनी दार उघडलं. "तुला कसं कळलं?"

"वास न्हाई आला."

"वाटीभर तेल आण मंग जल्दी. वाटी धुऊन आण."

चुलीवर कढई नव्हती, धूर नव्हता, तरी काकूंनी डोळ्यांना पदर लावला.