एक प्रवासी उतरायचा आहे

"उतरायला काय होतं पण याला," मिस्त्री दातांत स्क्रूड्रायव्हर धरून पुटपुटला. तो स्टिअरिंगखाली पाठीवर आडवा झाला होता आणि त्याचं डोकं ड्रायव्हरबाईंच्या चपलेला टेकलं होतं, त्यामुळे बाईंना ते स्वच्छ ऐकू आलं.

"कुणाला?"

"कुणाला नाही ताई. सेन्सर म्हणतोय मी."

बाईंनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. दिवेलागणीची वेळ होती. विजेवर चालणारी नवी कोरी बस फेऱ्या संपवून डेपोत उभी होती आणि पडद्यावर हिरवी अक्षरं होती: प्रवासी – २. एक मिस्त्री, आणि आणखी एक. पण गाडीत दुसरा प्रवासी नव्हता. बाईंनी सीटांखाली वाकून पाहिलं होतं, मागच्या काचेचा पडदा सारून पाहिला होता. कोणी नव्हतं.

दारांवर बसवलेले डोळे, ड्रायव्हर सोडून, चढणारा मिळवत आणि उतरणारा वजा करत. शून्य आल्याशिवाय गाडी चार्जिंग घेत नसे, डेपोत तिच्या दारांना कुलूपही लागत नसे. झोपलेलं पोर चुकून गाडीत राहू नये म्हणून केलेली ही सोय. सोय उत्तम होती. फक्त पोर नव्हतं.

आणि हे आजच व्हायचं होतं. आज मुख्य कचेरीतून मोठ्या बाई येणार होत्या. हा हरित मार्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला. ड्रायव्हरबाईंचं कंत्राट या मार्गापुरतं. मार्ग गेला की बाईही गेल्या. घरी कॉलेजात जाणारी लेक आणि गुडघे धरून बसलेली सासू, दोघींचा संसार या एका स्टिअरिंगवर चालला होता.

"एक युक्ती आहे," मिस्त्री बाहेर सरपटत म्हणाला. "मी खाली उतरतो आणि तुमच्या खिडकीतून आत शिरतो. तिथं डोळा नाही. मग मागच्या दारानं उतरतो. एक वजा. शून्य."

हिशेब बिनतोड होता. मिस्त्री उतरला, खिडकीत कमरेपर्यंत शिरला आणि अडकला. बाईंनी त्याला पिशवीत अडकलेला कोबी ओढावा तसा आत ओढला. कपडे झटकत तो ऐटीत मागच्या दारानं उतरला. पडद्यावर शून्य आलं. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात पुढचं दार फुस्स करून उघडलं. थोडा वेळ उघडंच राहिलं. छत्री विसरलेलं कोणी तरी परत येतं, तितका वेळ. मग मिटलं.

प्रवासी – १.

"हवेचा दाब कमी-जास्त होतो," मिस्त्री खालूनच म्हणाला. पण नंतर तो गाडीत चढेना.

डेपोचे साहेब धावत आले. या बसची फीत त्यांनीच कापली होती. "अजून आहेच का तो?"

"कोण, साहेब?"

"अहो तोच. सेन्सर." साहेबांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नीट सांगून पाहिलंत का?"

बाईंनी नीट सांगून पाहिलं. चौथ्या रांगेतल्या खिडकीच्या सीटची गादी मघापासून दबलेली दिसत होती, तिच्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "हे बघा, शेवटचा थांबा आलाय. घरी कोणी वाट बघत असेल. उतरा बरं आता." सासूला औषध घ्या म्हणताना लावायच्या त्या आवाजात. त्यावर सीटमागचा लाल दिवा लागला आणि टिंग वाजलं. गाडी थांबवा, असं सांगणारी ती घंटी. गाडी तर उभीच होती.

मोठ्या बाई आल्या त्या आपल्या मोटारीतून. डेपोबाहेर तिथल्या सगळ्यांच्याच दुचाक्या ओळीनं लावलेल्या होत्या, त्यातून वाट काढत आल्या.

"आज प्रवासी किती?"

"प्रतिसाद वाढता आहे, मॅडम," साहेब म्हणाले.

मॅडमनी पडदा पाहिला. "एक."

"वाढता आहे."

सगळी हकीकत ऐकून मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कचेरीत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नाही. "शेवटच्या थांब्यावर उतरत नाही, म्हणजे त्याचा थांबा मधेच कुठे तरी राहिलाय," त्या म्हणाल्या. "प्रवाशाला डेपोत आणून सोडायचं नसतं. चला, एक फेरी मारू."

सगळ्यांनी मान डोलावली. फार मुद्द्याचं बोलल्या, असंच प्रत्येकाला वाटलं.

गाडी निघाली. आवाज नाही, हादरा नाही. घरात कोणी आजारी असलं की पावलं टाकतात तशी चालली होती. पडद्यावर चार प्रवासी. मॅडम पुढे बसल्या होत्या, मिस्त्री त्यांच्यामागे मांडीवर हात घट्ट धरून. साहेब दांडीला लोंबकळत उभे होते.

"बसा ना, सगळी गाडी मोकळी आहे," मॅडम म्हणाल्या.

"नको. कोणाची जागा असायची," साहेब म्हणाले, आणि चौथ्या रांगेकडे पाहणं टाळायला छताकडे पाहू लागले.

रुंद, कोऱ्या रस्त्यावर काचेचे थांबे लखलखत उभे होते, मासे नसलेल्या पेट्यांसारखे. प्रत्येक ठिकाणी दारं उघडत, छतातला गोड बायकी आवाज थांब्याचं नाव सांगे, थंड हवा आत येई आणि दारं मिटत. कोणी चढलं नाही. कोणी उतरलं नाही. आकडा चारच. न बांधलेल्या इमारतींच्या फाटकांपाशी, न उघडलेल्या दुकानांपाशी गाडी अदबीनं थांबत गेली. दुसऱ्या कोणाच्या गावाला चुकून यावं, तसं.

"संध्याकाळी जरा कमीच असतात," साहेब म्हणाले.

"सकाळी?"

"सकाळी बाई सांगतील."

आरशात मॅडमची नजर बाईंना भिडली. "बरी असतात," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

पुढे जुना बाजाररस्ता आडवा जात होता. मागे हॉस्पिटलचं फाटक. इथं थांबा नव्हता. आखणी करताना इथं गर्दी फार होते म्हणून गाळला होता.

टिंग.

लाल दिवा लागला. बाईंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचं दार उघडलं. चौथ्या रांगेतली गादी हळूच, कुशीवर वळावं तशी, फुगून वर आली. पायरी किंचित दबली, सुटली.

प्रवासी – ३.

मग साहेबांनी घाम पुसला आणि भलत्याच मोकळ्या आवाजात म्हणाले, "झालं बघा. मिटलं. मॅडम, गाडीत काही दोष नाही, मार्गही ठीक आहे. तसंच कळवू या. बाई, दार लावा."

मॅडमही मान डोलवत होत्या. दार लावलं की झालं होतं. वर्षभर तरी कोणी विचारणार नव्हतं. लेकीचं शेवटचं वर्ष निघून गेलं असतं. बाईंनी बटणावर बोट ठेवलं.

दारात एक भाजीवाली उभी होती. डोक्यावर रिकामी टोपली, पावलं सुजलेली. तिच्यामागे गणवेशातल्या दोन आया आणि एक वॉचमन. त्याच्यामागेही अंधारात बरीच माणसं होती. जिथं थांबा नाही तिथं रोज उभी राहणारी, रोज ही उजळलेली गाडी समोरून जाताना पाहणारी.

"पुलापलीकडे जाते का हो ही?" भाजीवालीनं विचारलं. "घेताय का आम्हाला?"

"इथं थांबा नाही," साहेब म्हणाले, आणि घाईत त्यांच्या तोंडून गेलं, "आणि गाडी फुल आहे."

भाजीवालीनं दिव्यांनी भरलेली गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग ती हळूच एक पाऊल मागे सरली, कारण तिला काही तरी दिसत नव्हतं आणि साहेबांना दिसत असावं.

ड्रायव्हरबाईंनी बटणावरचं बोट काढलं. आरशात पाहिलं नाही, सरळ दाराकडे वळल्या.

"चढा मावशी," त्या म्हणाल्या. "गाडी रिकामी आहे. पहिल्या दिवसापासून रिकामीच आहे."